प्रयोगशाळा आणि प्रार्थनागृह

लंडन शहराच्या दक्षिणेस न्यूइंग्टन बट्स नावाची एक वस्ती होती. तेथे एका लोहाराच्या घरी २२ सप्टेंबर १७९१ रोजी मायकेल फॅरेडेचा जन्म झाला. त्याचा पिता जेम्स हा उत्तर इंग्लंडातील डोंगराळ मुलखातून पोटासाठी राजधानीजवळ येऊन राहिला होता. त्याच्या हातात कसब होते. परंतु प्रकृती त्याला साथ देत नसे, आणि लोहारकाम तर अंगमेहनतीचे. त्यात चार मुलांचा संसार. १८०१ साली इंग्लंडात धान्याचे भाव भडकले, तेव्हा या कुटुंबाला सार्वजनिक मदतीवर दिवस काढावे लागले. लहानग्या मायकेलच्या वाट्यास आठवड्याला एक पाव येई, आणि तोच त्याने आठवडाभर पुरवावयाचा असे. शाळेत तो वाचन, लेखन आणि थोडेसे अंकगणित एवढेच शिकला. पुढे ज्याच्या शोधांतून विजेचे युग जन्मास आले, त्याला उच्च गणित कधीच आले नाही.

रविवार उजाडला की हे गरीब कुटुंब प्रार्थनेस जात असे. ते ज्या पंथाचे होते त्याचे नाव सँडेमनियन पंथ. स्कॉटलंडमधील जॉन ग्लास नावाच्या धर्मोपदेशकाने अठराव्या शतकात तो सुरू केला आणि ग्लासचा जावई रॉबर्ट सँडेमन याने तो वाढविला. सबंध देशात या पंथाचे अनुयायी अगदी थोडे होते. त्यांच्यात पगारी धर्मगुरू नसत. मंडळीतूनच काही जण निवडले जात, त्यांना वडील म्हणत; तेच प्रार्थना चालवीत आणि उपदेश करीत. रविवारच्या दोन प्रार्थनांच्या मध्ये सर्व मंडळी, श्रीमंत असो की गरीब, एकत्र बसून प्रीतिभोजन करीत. धन साठवून ठेवणे त्यांना दोषास्पद वाटे. मंडळीचा कोणताही निर्णय एकमताने व्हावा असा त्यांचा दंडक होता. बायबलात जे सांगितले आहे ते सरळ, जसेच्या तसे मानावे आणि त्यात माणसाने आपल्या कल्पनेची भर घालू नये, ही त्यांची मुख्य शिकवण. हे शेवटचे सूत्र येथे ध्यानात ठेवावयास हवे, कारण मायकेलच्या सर्व आयुष्यावर त्याची छाया पडली आहे.

तेराव्या वर्षी मायकेल ब्लँडफर्ड रस्त्यावरील जॉर्ज रीबो या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून राहिला. ग्राहकांच्या घरी वर्तमानपत्रे पोहोचवावी आणि वाचून झाली की परत आणावी, असे ते काम होते. वर्षभरात धन्याने त्याची सचोटी पाहिली आणि एक पैही न घेता त्याला पुस्तकबांधणी शिकण्यासाठी सात वर्षांच्या उमेदवारीवर ठेवून घेतले. इतर उमेदवार पुस्तके बांधीत. हा मुलगा ती बांधता बांधता वाचीही. बांधणीस आलेल्या विश्वकोशात त्याला विजेवरील लेख सापडला. जेन मार्सेट या विदुषीने लिहिलेले रसायनशास्त्राचे संवादरूप पुस्तक त्याच्या हाती पडले. वाचलेले खरे की खोटे हे पाहिल्याखेरीज त्याला चैन पडत नसे. म्हणून गाठीच्या चार पैशांतून तो साहित्य आणी आणि पुस्तकातील प्रयोग करून बघे. व्याख्यानांस जाण्यासाठी शिलिंग लागे. तो त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट, जो स्वतः लोहारकाम करी, आपल्या मिळकतीतून देई.

१८१२ साली एका ग्राहकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेतील सर हंफ्री डेव्हीच्या चार व्याख्यानांची प्रवेशपत्रे दिली. डेव्ही हा त्या काळचा नामांकित रसायनशास्त्रज्ञ. मायकेलने व्याख्यानांची टिपणे घेतली, ती घरी सुवाच्य अक्षरात विस्ताराने लिहून काढली, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हातांनी त्यांचे पुस्तक बांधले आणि डेव्हीकडे पाठवून दिले. काही महिन्यांनी प्रयोगशाळेतील साहाय्यकाची जागा रिकामी झाली आणि मार्च १८१३ मध्ये ती त्यास मिळाली. आठवड्याला पंचवीस शिलिंग वेतन, संस्थेच्या माळ्यावर राहण्यास दोन खोल्या आणि वर जळणाचा कोळसा व मेणबत्त्या, असा तो करार होता. बाटल्या धुणारा, उपकरणे मांडणारा हा साहाय्यक बारा वर्षांनी त्याच प्रयोगशाळेचा संचालक झाला.

त्यापूर्वी, १८२१ साली, त्याच्या जीवनात दोन गोष्टी घडल्या. जून महिन्यात सेरा बर्नार्ड या युवतीशी त्याचा विवाह झाला. तीही सँडेमनियन कुटुंबातील होती. पुढच्याच महिन्यात मायकेलने मंडळीपुढे उभे राहून आपल्या श्रद्धेची कबुली दिली आणि तो पंथाचा रीतसर सभासद झाला. लहानपणापासून प्रार्थनेस जाणे निराळे आणि सज्ञानपणी स्वतः होऊन हे बंधन पत्करणे निराळे. हे पाऊल उचलण्याआधी त्याने पत्नीलाही काही सांगितले नव्हते. तिने विचारले तेव्हा ही बाब आपण आणि आपला देव यांच्यातील आहे, एवढेच तो बोलला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने विजेची तार चुंबकाभोवती सतत फिरती ठेवून दाखविली. आजच्या पंख्यातील विद्युत्-चालित्राचा तो मूळपुरुष होय.

वीज आणि चुंबकत्व यांचा संबंध तेव्हा नुकताच उघडकीस आला होता. तारेतून वीज वाहू लागली की जवळची चुंबकसूची हलते, हे डेन्मार्कच्या अर्स्टेडने १८२० मध्ये दाखविले होते. विजेपासून चुंबकत्व मिळते, तर चुंबकापासून वीज का मिळू नये? हा प्रश्न युरोपातील अनेकांना पडला. पण उत्तर कोणास सापडेना. फॅरेडे दहा वर्षे सवड मिळेल तेव्हा या प्रश्नाकडे परतून येत होता. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने लोखंडाच्या एका कड्याच्या दोन बाजूंस तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्यास विद्युत्घट जोडला आणि दुसऱ्याजवळ चुंबकसूची ठेवली. घट जोडताच सूची थरथरली आणि स्थिर झाली. घट काढताच ती पुन्हा हलली. मधल्या काळात प्रवाह कितीही जोराने वाहो, सूची निश्चल! इतरांना यश का आले नव्हते हे येथे उमगते. ते स्थिर परिणामाची वाट पाहत होते आणि निसर्ग केवळ बदलाच्या क्षणी बोलत होता.

त्यानंतर १७ ऑक्टोबरला त्याने तारेच्या वेटोळ्यात नुसता एक चुंबक झटकन सारला आणि सूची हलली. बाहेर काढला, ती उलट दिशेस हलली. याच महिन्याच्या अखेरीस मोठ्या चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची चकती फिरवून त्याने अखंड वाहणारा विद्युत्प्रवाह मिळविला. धरणांवर आणि औष्णिक केंद्रांत जी प्रचंड जनित्रे आज वीज निर्माण करतात, ती या चकतीचीच वंशज आहेत.

मग या शोधात त्याच्या श्रद्धेचा भाग कोणता? चुंबकाने सूची हलविली ती फॅरेडे ख्रिस्ती होता म्हणून नव्हे. ती कोणाच्याही हातून हललीच असती. फॅरेडेही असे कधी समजला नाही. त्याच्या शोधनिबंधांत देवाचा उल्लेख क्वचितच आढळतो. परंतु प्रयोगाला हात घालण्यापूर्वी मनात काही धारणा असावी लागते आणि ती त्याला श्रद्धेने दिली होती. सर्व सृष्टी एकाच कर्त्याची कृती आहे, त्या अर्थी तिच्यातील शक्ती एकमेकींशी नाते सांगणाऱ्या असणार, असे तो मानी. पवित्र शास्त्र हा देवाचा एक ग्रंथ आणि सृष्टी हा दुसरा. दोन्ही जसे लिहिले आहेत तसे वाचावयाचे, आपल्या सोयीचा अर्थ घुसडावयाचा नाही. लहानपणी मंडळीत बसून शिकलेला हा धडा त्याने प्रयोगशाळेत आणला. दुसऱ्याच्या प्रयोगाची हकीकत वाचली की तो स्वतः करून पाहिल्यावाचून त्यास समाधान वाटत नसे; मात्र स्वतःच्या लाडक्या कल्पनेवर त्याचा सर्वांत कमी विश्वास असे.

पंथाच्या शिकवणीचा आणखी एक परिणाम झाला. रसायनशास्त्राच्या ज्ञानावर त्याला कारखानदारांकडून व न्यायालयांतून पुष्कळ पैसा मिळू लागला होता. १८३१ च्या सुमारास संशोधनास वेळ पुरेना, तेव्हा त्याने ते काम जवळजवळ सोडून दिले. १८३५ साली सरकारने त्यास वार्षिक तीनशे पौंडांचे निवृत्तिवेतन देऊ केले. परंतु भेटीच्या वेळी पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांनी शास्त्रज्ञांना असे वेतन देण्याच्या प्रथेविषयीच अनादराचे उद्गार काढले. फॅरेडे नम्रपणे उठला, घरी आला आणि वेतन नको असे त्याने लिहून कळविले. पंतप्रधानांनी लेखी दिलगिरी व्यक्त केल्यावरच त्याने ते स्वीकारले. गरिबीचे त्याला भय नव्हते. लहानपणीच तिची चांगली ओळख झालेली होती.

१८४० मध्ये मंडळीने त्याला वडील म्हणून निवडले. आठवडाभर प्रयोगशाळेत असणारा हा जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ रविवारी पॉल्स ॲली नावाच्या गल्लीतील साध्या प्रार्थनागृहात उपदेश करू लागला. सभागृहात सहस्र श्रोत्यांना मंत्रमुग्ध करणारी त्याची वाणी येथे मुद्दाम निरलंकार होई. शास्त्रवचनामागून शास्त्रवचन तो वाची. स्वतःचे शब्द फार थोडे असत. आजारी आणि गरीब सभासदांच्या घरी जाऊन तो त्यांचा समाचार घेई.

आणि याच मंडळीने ३१ मार्च १८४४ रोजी त्याला बाहेर काढले.

पंथातील शिस्तीवरून त्या दिवसांत मोठा वाद माजला होता आणि त्यात अनेक सभासद एकदम वगळले गेले. फॅरेडे त्यांपैकी एक होता. राणी व्हिक्टोरियाकडे रविवारी भोजनास गेल्यामुळे त्याची प्रार्थना चुकली आणि म्हणून ही शिक्षा झाली, अशी एक कथा पुढे पसरली. तिला भक्कम आधार मात्र मिळालेला नाही. कारण काहीही असो, आघात मोठा होता. ही इवलीशी मंडळी हेच त्याचे नातलग, मित्र आणि घर. वगळलेल्या माणसास त्यांच्यासह प्रीतिभोजनास बसता येत नसे. युरोपातील विद्वत्सभा ज्याला सन्मानाने बोलावीत, त्या बावन्न वर्षांच्या माणसाला आपल्या माणसांच्या पंगतीत स्थान उरले नाही. एखादा मानी पुरुष संतापून कायमचा निघून गेला असता. आपल्या कीर्तीची ढाल पुढे करणेही त्याला सहज शक्य होते. फॅरेडेने दोन्ही केले नाही. त्याने मंडळीकडे पुन्हा प्रवेशाची याचना केली आणि सुमारे पाच आठवड्यांनी त्याला परत घेण्यात आले. वडीलपण मात्र गेले. त्यानंतर सोळा वर्षे, जेथे तो पूर्वी उपदेश करीत असे तेथेच, तो साधा सभासद म्हणून बसत राहिला. मंडळीने त्याच्यावर अन्याय केला असे कोणास वाटल्यास ते वावगे नाही. त्याने स्वतः जाहीरपणे तशी तक्रार कधी केली नाही.

पुढील वर्षीच्या सप्टेंबरात त्याने जाडसर, जड काचेच्या तुकड्यातून प्रकाशाचा किरण सोडला आणि काचेजवळ प्रबळ विद्युत्-चुंबक ठेवला. किरण एका विशिष्ट रीतीने तयार केलेला होता. त्यातील कंपने एकाच पातळीत होती. चुंबक चालू होताच ती पातळी वळली. प्रकाश आणि चुंबकत्व यांचे नाते प्रथमच मानवाच्या दृष्टीस पडले. सृष्टीतील शक्ती एकमेकींच्या नातलग आहेत ही त्याची जुनी श्रद्धा पुन्हा एकदा फळास आली होती.

साहजिकच त्याची नजर गुरुत्वाकर्षणाकडे वळली. फळ झाडावरून खाली पाडणारी आणि चंद्राला पृथ्वीभोवती फिरविणारी ही शक्ती इतर शक्तींपासून तुटलेली कशी असेल? १८४९ साली त्याने प्रयोगांना आरंभ केला. तारेच्या वेटोळ्यांतून जड वस्तू उंचावरून खाली सोडाव्या आणि पडताना विजेचा काही अंश उत्पन्न होतो की काय ते पाहावे, अशी योजना होती. कधी सूची हलल्याचा भास होई. मग तो शोधीत जाई आणि ती हालचाल दुसऱ्याच कारणाने झाली असे त्याचे त्यालाच आढळे. शेवटी हाती काहीच लागले नाही. येथे खरी कसोटी होती. जे सत्य असावे असे त्याचे अंतःकरण सांगत होते, ज्याचा उगम त्याच्या सर्वांत प्रिय श्रद्धेत होता, तेच निसर्ग नाकारीत होता. १८५० च्या अखेरीस त्याने रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला आणि उत्तर नकारार्थी आहे हे निःसंकोचपणे नमूद केले. असा संबंध असावा ही आपली भावना अजून ढळलेली नाही, परंतु तिला पुरावा मिळालेला नाही, अशी दोन्ही विधाने त्याने शेजारी शेजारी लिहिली. भावनेने पुराव्याची जागा बळकावू दिली नाही आणि पुराव्याच्या अभावी भावना लपवूनही ठेवली नाही.

दहा वर्षांनी त्याने हाच प्रयत्न पुन्हा केला. टेम्स नदीकाठी शिशाच्या गोळ्या पाडण्यासाठी बांधलेला एक उंच मनोरा होता. तेथे शिशाची जड वजने वरखाली नेऊन त्याने निरीक्षणे घेतली. पुन्हा नकार. गुरुत्वाकर्षण आणि इतर शक्ती यांचा मेळ कसा घालावा, या प्रश्नाशी पदार्थवैज्ञानिक आजही झगडत आहेत.

दरम्यान १८५३ साली लंडनमध्ये एक विलक्षण वेड पसरले. चारसहा माणसे मेजाभोवती बसत, मेजावर हात टेकीत आणि काही वेळाने मेज आपोआप फिरू लागे. कोणी म्हणत, हे मृतात्म्यांचे काम. कोणी म्हणत, सैतानाचे. कोणी विजेचे नाव घेत. विजेचे नाव निघाल्यावर फॅरेडेकडे विचारणा होणे क्रमप्राप्तच होते. अदृश्य परमेश्वरावर ज्याची एवढी निष्ठा, तो अदृश्य आत्म्यांचा हा पुरावा आनंदाने स्वीकारील असेही काहींना वाटले असावे.

फॅरेडेने प्रामाणिक म्हणून ज्यांची ख्याती होती असेच लोक प्रयोगास घेतले. दोन फळ्यांमध्ये काचेच्या कांड्या ठेवून त्याने असे साधन केले की, हातांचा दाब बाजूस पडला तर वरची फळी आधी सरकावी. तिला गवताच्या काडीचा एक लांब काटा जोडला. फळी केसभर सरकली तरी काट्याचे टोक चांगलेच हले. काटा झाकून ठेवला असता मेज फिरले, आणि तपासात असे दिसले की आधी हात सरकतात, मग मेज. काटा बसणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवला, तेव्हा मेज जागचे हलेना! कोणी लबाडी करीत नव्हते. मेज फिरावे ही इच्छाच नकळत हातांत उतरत होती आणि काट्याने ती उघड करताच ओसरत होती. फॅरेडेने हा निष्कर्ष वर्तमानपत्रातून प्रसिद्ध केला. लोकांनी आभार मानण्याऐवजी त्याच्यावर पत्रांचा भडिमार केला. तो खिन्न झाला. सुशिक्षित म्हणविणारी माणसे आपल्या इच्छेला पुरावा समजतात, याचे त्याला फार वाईट वाटले.

म्हणून पुढील वर्षी, मे १८५४ मध्ये, त्याने मनाच्या शिक्षणावर एक व्याख्यान दिले. अध्यक्षस्थानी राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट होते. ज्याची आपल्याला आवड असते ते खरे मानण्याकडे मन ओढ घेते, त्या ओढीविरुद्ध उभे राहणे हाच शिक्षणाचा मोठा भाग होय, असे त्याने सांगितले. आरंभीच त्याने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली, आणि आपल्या श्रद्धेविषयी तो जाहीरपणे बोलला असे प्रसंग थोडेच असल्यामुळे ती महत्त्वाची आहे. मरणोत्तर जीवनाची आशा माणसाला स्वतःच्या तर्काने मिळू शकत नाही. ती देवाने दिलेल्या साक्षीवर साध्या विश्वासाने स्वीकारावयाची असते. म्हणून धार्मिक श्रद्धा आणि व्यवहारातील व शास्त्रातील ज्ञान यांत त्याने स्वच्छ रेषा ओढली. प्रयोगाने देव सिद्ध करू पाहणे त्याला मान्य नव्हते आणि शास्त्रवचनाने प्रयोगाचा निकाल ठरविणेही मान्य नव्हते. तरीही दोहोंत विरोध आहे असे त्याला वाटत नव्हते; कारण सृष्टीतील निर्मित वस्तूंवरून निर्मात्याचे अदृश्य गुण दिसून येतात, हे पौलाच्या पत्रातील तत्त्व त्याला प्रमाण होते.

ही रेषा सर्वांनाच पटेल असे नाही. त्याच्या हयातीतच भूगर्भशास्त्राने पृथ्वीचे वय अतिशय मोठे असल्याचे दाखविले आणि १८५९ मध्ये चार्ल्स डार्विनचा सजीवांच्या उत्पत्तीविषयीचा ग्रंथ निघाला. बायबल अक्षरशः मानणाऱ्या पंथातील या शास्त्रज्ञाकडून त्या वादात काही ऐकावयास मिळावे अशी अपेक्षा करणे स्वाभाविक होते. फॅरेडे त्या वादात उतरला नाही. हा त्याचा विवेक की संकोच, हे ठरविणे कठीण आहे. त्याचा तरुण सहकारी जॉन टिंडल याला धर्मश्रद्धा मुळीच पटत नसे. तरी दोघांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला. फॅरेडेने त्याला आपल्या पंथात ओढण्याचा प्रयत्न केला नाही. आणि फॅरेडेला आठवडाभर पुरणारे बळ बहुधा रविवारच्या उपासनेतून मिळते, असे टिंडलनेही आपल्या दैनंदिनीत मोकळ्या मनाने लिहून ठेवले.

मुलांवर फॅरेडेचे मोठे प्रेम होते, पण त्याला स्वतःचे मूल नव्हते. नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्याने देण्याची प्रथा रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून सुरू झाली होती आणि त्याने स्वतः अशा एकोणीस व्याख्यानमाला दिल्या. १८६० च्या नाताळातील माला शेवटची. विषय होता, एक मेणबत्ती. मेण वितळते कसे, वातीतून वर चढते कसे, ज्योत कोठे उजळ आणि कोठे काळपट असते, तिच्यातून पाणी कसे निर्माण होते, आणि आपला श्वासोच्छ्वास हेही एक प्रकारचे मंद जळणेच कसे आहे, हे त्याने सहा व्याख्यानांत दाखविले. नाताळ हा ख्रिस्तजन्माचा सण आणि वक्ता तर मंडळीचा वडील, कारण त्याच वर्षी ते पद त्याच्याकडे पुन्हा आले होते. तरी या व्याख्यानांत धर्मोपदेश नाही. समोर जळत असलेली ज्योत नीट पाहा, एवढाच त्याचा मुलांना आग्रह आहे. त्या व्याख्यानांचे पुस्तक आजही जगभर वाचले जाते.

मार्च १८६२ मध्ये त्याने आपला अखेरचा प्रयोग केला. ज्योतीच्या प्रकाशाचे पृथक्करण केले असता रंगीत रेषा दिसतात. चुंबकाच्या सान्निध्यात त्या रेषांत काही फरक पडतो का, हे त्याला पाहावयाचे होते. त्याला फरक दिसला नाही आणि त्याने तसे लिहिले. चौतीस वर्षांनी, १८९६ मध्ये, हॉलंडच्या पीटर झेमानने अधिक सूक्ष्म उपकरणांनी तोच प्रयोग केला, तेव्हा तो फरक दिसला.

फॅरेडेची स्मरणशक्ती बरीच वर्षे क्षीण होत चालली होती. प्रयोग करताना तोच प्रयोग आपण पूर्वी केला होता हे त्याला आठवत नसे. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्याने नाकारले होते. नुसता मायकेल फॅरेडे म्हणून राहावे हीच त्याची इच्छा होती. आता त्याने एकेक जबाबदारी खाली ठेवण्यास सुरुवात केली. १८६४ मध्ये त्याने मंडळीतील वडीलपण सोडले आणि पाठोपाठ संस्थेतील कामही. राणीने हॅम्प्टन कोर्ट येथे त्याला राहावयास घर दिले होते. तेथे सेरेच्या सहवासात त्याचे शेवटचे दिवस गेले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी आपल्या अभ्यासिकेत खुर्चीवर बसला असतानाच त्याचे प्राण गेले.

वेस्टमिन्स्टर ॲबीत न्यूटनच्या समाधीजवळ त्याच्या नावाची शिला आहे. परंतु त्याचा देह तेथे नाही. तो लंडनच्या हायगेट येथील दफनभूमीत, राजमान्य चर्चच्या अनुयायांहून वेगळ्या पंथीयांसाठी राखलेल्या भागात, त्याच्या इच्छेप्रमाणे कोणत्याही समारंभावाचून पुरण्यात आला. तेथे एक साधा दगड उभा आहे. त्यावर त्याचे नाव आणि जन्ममृत्यूच्या तारखा कोरलेल्या आहेत. त्याच्या एकाही शोधाचा उल्लेख नाही.